पालक गटातला एकमेव किल्ला

सोमवार, २२ सप्टेंबर

आज अर्धी रजा टाकून उत्कर्षाच्या शाळेत गेलो. बोलावणं होतं. शिवापूरच्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे, त्यामुळे बोलावणं आलं की काहीतरी रिजेक्ट झालेलं असतं, एवढं मला कळतं.

चैताली मॅडम दुसरीच्या वर्गशिक्षिका. वय कमी, आवाज मोठा. त्यांनी चाचणीचे पेपर समोर ठेवले. वर उत्कर्षाचं नाव, सुंदर अक्षरात. खाली काहीच नाही. मराठीचा पेपर तसा, गणिताचाही तसाच.

"पूर्ण वेळ पेन्सिल धरून बसली होती," मॅडम म्हणाल्या. "मी विचारलं, येत नाही का? म्हणाली, येतं. म्हटलं, मग लिही की. तर म्हणाली, बाबा नाहीयेत."

मी म्हणालो, बेंच कदाचित उंच पडत असेल. मॅडमनी बेंचकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"घरी अभ्यास कोण घेतं?"

"मीच."

"घेता, का करता?"

प्रश्न मला आगाऊ वाटला. गृहपाठात उत्कर्षा वर्गात पहिली आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्या म्हणाल्या, त्याचीच तर काळजी वाटते. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या तिची चाचणी पुन्हा घेणार आहेत. तेव्हाही पेपर कोरा आला तर मुलीला तज्ज्ञांना दाखवून घ्या म्हणाल्या. घरी बाराचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला (मी सुरुवात करून दिली की म्हणते) तज्ज्ञांना काय दाखवायचं?

स्कूटरवरून येताना तिला विचारलं, का नाही लिहिलंस? "चुकलं असतं," म्हणाली. मी म्हटलं, म्हणून तर मी आहे ना.

गुरुवार, २५ सप्टेंबर

माझी पद्धत इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे दोष कुठे आहे ते सापडेल. उत्तर मी आधी फिक्या पेन्सिलीने लिहितो, ती त्यावरून गडद करते. अवघड अक्षराला हात धरतो. चुकलं तर मीच खोडतो, कारण ती खोडताना कागद चुरगळतो. ही पद्धत पहिलीपासून चालू आहे आणि आजवर एकही तक्रार आलेली नाही. जुलैत विज्ञान प्रदर्शनात तिच्या जलचक्राला पहिलं बक्षीस मिळालं. त्यात मी कूलरचा पंप बसवला होता. बटण तिने दाबलं.

दोष सापडला नाही.

रूपाली स्वारगेटजवळच्या लॅबमधून रक्ताचे नमुने तपासून दमून येते, त्यामुळे अभ्यासाचं खातं माझ्याकडे आहे. आज आल्यावर तिने वही चाळली आणि म्हणाली, "तुमची दुसरी बरी चाललीय."

माझे वडील मी कितवीत आहे हे पाहुण्यांसमोर मलाच विचारायचे. केजजवळच्या आमच्या गावात शाळेच्या दोन खोल्या होत्या आणि मास्तर शेतीच्या हंगामात यायचे नाहीत. मला कुणी काही शिकवलं नाही. माझं मीच धडपडत, चुकत शिकलो. ती वेळ उत्कर्षावर येऊ द्यायची नाही, हे तिच्या बारशालाच ठरवलं होतं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

मॅडमचा फोन. आठवडाभर तिच्या अभ्यासाला शेजारी कुणीही बसू नका म्हणाल्या. मी प्रयोगाच्या विरोधात नाही. मी स्वयंपाकघरात बसलो आणि ती बाहेरच्या खोलीत.

थोड्या वेळाने आली. "बाबा, कुठल्या पानावर लिहू?" पान सांगितलं. पुन्हा आली. "वर तारीख घालायची का?" घाल म्हटलं. मग "आज काय तारीख?" मग "पेन्सिल टोकदार करू का?" मग आलीच नाही. मला वाटलं, लागली लिहायला. जाऊन पाहिलं तर टोक केलेल्या पेन्सिलीकडे बघत बसली होती, अगदी हुशार चेहऱ्याने.

मी फक्त पहिला शब्द लिहून दिला. गाडी ढकलून सुरू करून द्यावी तसं. रूपाली आली तेव्हा मी शेवटच्या ओळीवर होतो. तिने पर्स ठेवली, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि कुकर लावायला गेली.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

पाटीपूजन झालं. उत्कर्षाला पाटीवर सरस्वती काढायची होती. तिने काढलेली सरस्वती एका बाजूला कलत होती आणि खालचे आकडे गर्दी केल्यासारखे दिसत होते. देवीच्या बाबतीत कलणं बरं नाही. पुसून पट्टीने काढून दिली. फुलं तिने वाहिली, सोनंही तिनेच ठेवलं.

रूपाली म्हणाली, सरस्वतीला पट्टी लावणारा घरात एक तरी हवा.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सोसायटीत दिवाळीची किल्ला स्पर्धा जाहीर झाली. अध्यक्ष गेनबा. सोसायटी होण्याआधी ही सगळी जमीन त्यांची होती, त्यामुळे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच राहिलं. ग्रुपवर नियम आले आहेत. किल्ला मुलांनी स्वतः करावा. मोठ्यांनी फक्त माती आणून द्यावी. आणि परीक्षक चैताली मॅडम, कारण त्या आमच्या धायरीतच राहतात आणि गेनबांची नात शेफाली त्यांच्याच वर्गात आहे.

परीक्षकांचं नाव वाचलं आणि मला एकदम मोकळं वाटलं. उत्कर्षा काय करू शकते हे मॅडमना डोळ्यांनी दिसेल. पहिला नंबर आला की तिचा आत्मविश्वास वाढेल, वाढला की चाचणीत लिहील, आणि तज्ज्ञांचा विषय संपेल. इतका सरळ मार्ग समोर असताना मी पंधरा दिवस उगाच झोप घालवली.

मी स्वतः किल्ला कधी केलेला नाही. आमच्याकडे पाडव्याला शेणाचे पांडव करतात, किल्ल्याची पद्धत नाही. पण अनुभव नसेल तर अभ्यास करावा. सिंहगड घ्यायचं ठरवलं, आमच्या गच्चीतून दिसतो, शंका आली तर वर जाऊन बघता येईल. त्यावरचा टीव्हीचा मनोरा दाखवायचा की नाही यावर अजून निर्णय झालेला नाही.

नियमाचंही नीट वाचन केलं. माती आणून द्यावी, असं म्हटलं आहे. कुठल्या आकारात आणून द्यावी, याचं बंधन नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

गेनबांच्या मागच्या मोकळ्या जागेत मातीसाठी गेलो. उत्कर्षा चित्रकलेच्या क्लासहून परस्पर आली होती, म्हणून सोबत होती. शेफाली तिथे कोपरापर्यंत चिखलात होती आणि तिच्यासमोर एक ढीग होता.

"न्या की, कितीबी न्या," गेनबा म्हणाले. "पन किल्ला कोन करनार हाय?"

"उत्कर्षा."

गेनबांनी माझ्या हातातला उताराचा नकाशा पाहिला. "आन् ह्ये?"

"हे तिच्यासाठी."

"बरं," गेनबा म्हणाले आणि आपल्या मोठ्या गाडीची काच पुसायला लागले.

उत्कर्षा शेफालीजवळ उकिडवी बसली. मी पोती भरत होतो. वळून पाहिलं तर तिने ढिगात एक बोट खुपसलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. क्लासचा फ्रॉक अंगावर होता. मी रुमालाने बोट पुसून दिलं. येताना तिने विचारलं, आपल्या किल्ल्याला पण अशी ओली माती असेल का? मी समजावलं की माती वाळली की तडे जातात, आपण वरून पांढऱ्या सिमेंटचा थर देणार आहोत. हो म्हणाली. ती समजूतदार आहे.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

काम संपत आलं. पार्किंगमध्ये आमच्या जागेवर सिंहगड उभा आहे. उतार नकाशाप्रमाणे, तटबंदी सारख्या जाडीची. मी कारखान्यातून जाडी मोजायचं गेज आणून तपासली. सिमेंटमुळे अळीव उगवणार नाही, म्हणून हिरवा रंगवलेला भुसा चिकटवला. मनोरा शेवटी दाखवला नाही. शिवकाळाशी प्रामाणिक राहिलं पाहिजे.

मावळे ठेवायचं काम मी पूर्णपणे उत्कर्षावर सोपवलं. तिने सगळे मावळे एका ठिकाणी गोल करून बसवले, तोंडं आत, मध्ये एक गाय. विचारलं तर म्हणाली, "जेवताहेत. गाय वाढतेय." रूपालीने फोटो काढला आणि माहेरी पाठवला.

सोमवार, २० ऑक्टोबर. नरक चतुर्दशी

पहाटे रूपाली उत्कर्षाला उटणं लावून न्हाऊ घालत होती तेवढ्यात खाली जाऊन मावळे नीट लावून आलो. दोन्ही दरवाजांवर पहारा, बुरुजांवर एकेक, तोंडं बाहेर. शत्रू बाहेरून येतो. गाय पायथ्याला ठेवली.

उत्कर्षा नवा फ्रॉक घालून खाली आली. किल्ल्याकडे पाहिलं. सगळीकडून फिरून पाहिलं. मग शेफालीकडे जाऊ का म्हणाली. तिला आवडलं असावं.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

आज निकाल लागला. सगळं जसं झालं तसं लिहितो.

गेनबा आणि मॅडम आमच्या किल्ल्याशी आले तेव्हा आजूबाजूला बरीच मंडळी जमली होती. मॅडम वाकून बघत राहिल्या. "सुरेख," म्हणाल्या. मला भरून आलं. मग त्यांनी उत्कर्षाला विचारलं, "हा दरवाजा कुठला गं?"

उत्कर्षाने माझ्याकडे पाहिलं. मी ओठ हलवले. कल्याण दरवाजा. रोज सांगत होतो, तिला पाठ होता.

"उत्कर्षाचे बाबा," मॅडम म्हणाल्या, "जरा पाणी मिळेल का?"

परीक्षकांना पाणी नाही म्हणता येत नाही. जिना चढलो, पण जिन्याच्या खिडकीतून पार्किंगमधलं सगळं ऐकू येतं.

"तुला कुठला किल्ला सगळ्यात आवडला?"

मग उत्कर्षाचा आवाज. "शेफालीचा."

"का गं?"

"तो मोडला तरी चालतो."

मी तांब्या घेऊन जिन्यात उभा राहिलो. खाली गेलो तेव्हा मॅडम पुढच्या किल्ल्याकडे निघाल्या होत्या. तांब्या गेनबांनी रिकामा केला.

संध्याकाळी बक्षिसं. पहिला नंबर शेफाली आणि शेजारच्या विंगमधल्या दोघींना विभागून. शेफालीचा ढीग एव्हाना एका बाजूने खचला होता आणि त्या बाजूला तिने तलाव केला होता. मी टाळ्या वाजवल्या. मग गेनबांनी माइक परत घेतला. "आनि पालक गटात पैला नंबर, आपले उत्तरेश्वरराव."

पालक गट आहे हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं, कारण तो दुपारी तयार झाला. त्यात माझा एकच किल्ला होता. बक्षीस म्हणून कंपास पेटी मिळाली, आतल्या पट्टीवर ससे आहेत. लोक हसले. वाईट मनाने नाही हसले, पण हसले. रूपालीही हसली, आणि माझा चेहरा पाहून थांबली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मुलीचा हात धरून मी घरी आलो. ती म्हणाली, "बाबा, तुमचा नंबर आला." तिच्या आवाजात खरंच आनंद होता.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

सकाळी श्रीखंड आणायला गेलो तर मॅडम रांगेत पुढे होत्या. मी दुसरीकडे बघत होतो. त्याच मागे आल्या.

"रागावलात?"

"नाही," मी म्हटलं. "पण नियमात पालक गट नव्हता."

"नव्हता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या जलचक्राला जुलैत बक्षीस मीच दिलं होतं. कुणी केलंय ते मला दिसत होतं. पण इतकं छान झालं होतं, वर्गात ठेवायला बरं, इन्स्पेक्शन होतं. बाकीच्या पोरांची मॉडेलं मी कपाटावर टाकली. तेव्हापासून माझ्या वर्गात निम्म्या मुलांचं सगळं आई-बापच करून पाठवतात. मीच लावलेली सवय आहे ती."

रांग पुढे सरकली.

"तुम्हाला लहानपणी अभ्यास कुणी शिकवला?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. माझं मीच शिकलो."

त्यांनी मान हलवली आणि थांबल्या, जणू माझं वाक्य अजून संपायचं होतं. पण मला तेवढंच सांगायचं होतं. त्यांनी हे का विचारलं असेल?

रविवार, २६ ऑक्टोबर

पार्किंग मोकळं करा असा निरोप आला. बाकीचे किल्ले पोरांनी लाथा मारून, नाचून मोडले. त्यांच्या आरडाओरड्याने सोसायटी डोक्यावर घेतली होती. उत्कर्षाने आमच्या किल्ल्याला लाथ मारली आणि पाय धरून बसली. सिमेंट उत्तम बसलं होतं.

"ह्याला जेसीबीच लागंल," गेनबा म्हणाले.

मी वर जाऊन हातोडा आणला. तो मी चालवणार होतो, पण रूपालीने माझ्या हातातून काढून उत्कर्षाला दिला. तिने दोन्ही हातांनी उचलून कल्याण दरवाजावर घातला. टवका उडाला. ती स्वतःच दचकली, मग हसली. पुन्हा घातला.

"मधून नको," मी म्हणालो. "कडेने सुरू कर, सोपं जाईल."

तिचा हात थांबला. हातोडा खाली आला, पायाशी. तिने माझ्याकडे पाहिलं, पुढचं सांगण्याची वाट बघत. तो चेहरा मी रोज बघतो, अभ्यासाच्या वेळी. हुशार, समजूतदार चेहरा. आज मला तो बघवला नाही.

"अहो," रूपाली म्हणाली, "दूध घेऊन या."

"दूध आहे घरात."

"तरी या घेऊन."

गेलो. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मागे काहीच आवाज नव्हता. मग एक घाव ऐकू आला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. मग लागोपाठ. दूध घेऊनही मी दुकानात उभाच राहिलो. दुकानदाराने विचारलं, आणखी काही? नाही म्हटलं. मला बरं वाटत होतं की वाईट, ते ठरवता येत नव्हतं.

परत आलो तेव्हा सिंहगडाचा चुरा झाला होता. कडेने नाही, मधूनच. उत्कर्षाचे केस पांढरे झाले होते आणि तळहाताला फोड आला होता. तिने तो मला दाखवला नाही, शेफालीला दाखवला.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

उत्कर्षा सुट्टीभर गेनबांच्या मागच्या जागेत असते. दोघी मिळून ओल्या मातीचा किल्ला करतात. रोज खचतो, रोज करतात. दिवाळी संपली हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मी अभ्यासाला शेजारी बसत नाही. जड जातं. काल स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं तर तिने पाच उलटा काढला होता. तोंडापर्यंत शब्द आले. मी तोंडात शेंगदाणे भरले. रूपाली म्हणते, हा उपाय बरा आहे, पण शेंगदाणे जास्त लागतील.

सोमवारी चाचणी. मला धाकधूक आहे. पेपर कोरा आला तर ते माझ्यामुळे आणि भरलेला आला तर तो माझ्याशिवाय. दोन्हींपैकी कशाची भीती वाटते, ते नीट कळत नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दुपारी कारखान्यात मॅडमचा फोन आला. मी गेज खाली ठेवलं आणि बाहेर आलो.

"लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"किती बरोबर आहे?"

"ते नका विचारू."

"अंदाजे."

"निम्मं चुकलंय," मॅडम म्हणाल्या. "काय एकेक चुका आहेत, बघायला या एकदा." त्यांचा आवाज फार आनंदी होता. तज्ज्ञांचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. फोन ठेवल्यावर मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन जरा वेळ रडलो. कुणी पाहिलं नसावं.

घरी आलो तर उत्कर्षा बूट न काढताच मला ओढत गेनबांच्या मागे घेऊन गेली. किल्ला आज उभा होता. बराचसा. दरवाजा इतका मोठा की बाकी किल्ला त्याला टेकून होता. सगळीकडे मातीची माणसं. ही शेफाली, ही आई, ह्या मॅडम, हे आजोबा गाडीसकट. किल्ल्यासमोर, जरा लांब, एका विटेवर एक माणूस बसवला होता. पोट होतं. काडीने चष्मा कोरला होता. मला तो आवडला.

"हे तुम्ही," ती म्हणाली.

हात नव्हते. मातीचे हात वाळले की गळतात, लहान मुलांना ते नीट जोडता येत नाहीत. मी खाली वाकलो. "हात पडले वाटतं. थांब, लावून देतो."

"पडले नाहीत," उत्कर्षा म्हणाली. "केलेच नाहीत."

"का गं?"

ती दरवाजाला माती थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तुम्ही नुसतं बघाल."

मी त्या विटेजवळच बसलो. अंधार पडेपर्यंत ती थापत होती, दरवाजा दोनदा कोसळला, तिने दोनदा उभा केला. मी बघत होतो. शेवटी रूपालीने हाक मारली तेव्हा आम्ही उठलो.

घरी येऊन सवयीने हात धुतले. ते स्वच्छच होते.